शर्यत घोड्याची कीं स्वाराची ?

मनुष्यानें घोड्यावर प्रथम मांड टाकली त्या दिवशीं त्याच्या बळास आणि त्याच्या अहंकारास एकदमच चार पाय फुटले, असें म्हटलें तर त्यांत फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं. जें अंतर पायीं तोडावयास आठवडा लागावा तें दोन दिवसांत तुटूं लागलें. राज्यें विस्तारलीं, निरोप धांवूं लागले, दूरचे शत्रु जवळ आले आणि दूरचे मित्रहि जवळ आले. परंतु या सर्व पराक्रमांच्या बखरी लिहिल्या त्या स्वारांनीं. घोड्यास लिहितां येत नाहीं. म्हणूनच चौकांतील पुतळ्यांत घोडा दिसतो, पण खालच्या शिळेवर नांव असतें तें वर बसलेल्याचें. ज्यानें घाम गाळला तो मुका, आणि ज्यानें लगाम धरला तो बोलका, अशी ही जगाची जुनी रीत आहे.

हे विचार आमच्या मनांत येण्यास एक चित्रपट कारण झाला. ‘हिडाल्गो’ नांवाचा हा इंग्रजी चित्रपट २००४ सालीं प्रसिद्ध झाला असल्यामुळें आमच्या वाचकांपैकीं कांहीं पालकांनीं तो त्या वेळींच पाहिला असेल. आमच्या विद्यार्थिमित्रांनीं तो अलीकडे घरबसल्या पाहिला, आणि त्यांच्या आग्रहावरून आम्हींहि पाहिला. जो जॉन्स्टन हे त्याचे दिग्दर्शक. कथा जॉन फ्युस्को यांची. नायकाचें काम व्हिगो मॉर्टेन्सन या नटानें केलें असून अरब शेखाची भूमिका विख्यात मिसरी नट ओमर शरीफ यांनीं वठविली आहे. वाळवंटाचीं कित्येक दृश्यें मोरोक्को देशांत टिपलेलीं आहेत, आणि तीं पाहतांना प्रेक्षकाच्या घशास खरोखरीच कोरड पडते.

कथानक थोडक्यांत असें. अमेरिकेंत फ्रँक हॉपकिन्स नांवाचा एक स्वार असतो. १८९० सालच्या अखेरीस सैन्याचा एक खलिता त्याच्या हातून ‘वूंडेड नी’ नांवाच्या ओढ्याकांठीं पोंचतो आणि तेथें लाकोटा जमातीच्या लोकांची कत्तल होते. त्याची स्वतःची आई त्याच जमातीची. त्यामुळें तें दृश्य त्याच्या काळजांत घर करून बसतें. पुढें तो बफेलो बिल याच्या ‘वाइल्ड वेस्ट’ या खेळांत पोटासाठीं काम करतो आणि दारूंत आपलें दुःख बुडवूं पाहतो. त्याच्याजवळ उरलेला एकच सोबती म्हणजे हिडाल्गो हा अबलख रंगाचा, बुटका, रानांतला मुस्टँग घोडा. या दोघांची जगांत श्रेष्ठ म्हणून होणारी जाहिरात एका अरब शेखाच्या कानीं जाते, आणि ‘अग्निसागर’ नांवाच्या ३००० मैलांच्या वाळवंटांतील शर्यतीचें आव्हान येतें. तेथें सारे घोडे शुद्ध अरबी रक्ताचे, पिढ्यान्‌पिढ्यांच्या वंशावळींचे; आणि त्यांच्या रांगेंत हा एक उपरा. वावटळी येतात, टोळधाड येते, मनुष्यांचीं कपटें तर त्याहूनहि भयंकर निघतात. अखेरीस हिडाल्गो वाळूंत कोसळतो. त्याच्या यातना संपवाव्या म्हणून स्वार पिस्तूल उगारतो, पण त्याचा हात चालत नाहीं. आणि थोड्या वेळानें तो घोडा आपण होऊन उभा राहतो. स्वार खोगीर उतरवून टाकतो आणि उघड्या पाठीवर बसून शर्यत जिंकतो. बक्षिसाच्या द्रव्यांतून तो गोळीस बळी पडणारे रानटी घोडे सोडवितो आणि त्यांच्याबरोबर आपल्या हिडाल्गोसहि मोकळें रान देतो.

यांतील घोड्याच्या नांवांतच एक गंमत भरलेली आहे. ‘हिडाल्गो’ हा स्पॅनिश शब्द असून त्याचा अर्थ खालच्या श्रेणीचा सरदार, असा होतो. ‘मुस्टँग’ हा शब्दहि स्पॅनिशांतूनच आलेला. त्याचा अर्थ धन्यावांचून भटकणारें जनावर. अमेरिका खंडांतील मूळचे घोडे सुमारें दहा हजार वर्षांपूर्वीं नाहींसे झाले होते. पुढें स्पॅनिश लोकांनीं जहाजांतून जे घोडे नेले त्यांतील कांहीं सुटले, रानांत वाढले आणि त्यांची ही संतति झाली. म्हणजे सरदाराचें नांव धारण करणारा हा घोडा वस्तुतः बेवारशांच्या कुळांतला ! कुळापेक्षां दम मोठा, हें चित्रपटाचें सांगणें त्या नांवांतच सांठविलेलें आहे, आणि तें मुलांच्या मनास भिडतें यांत नवल नाहीं.

चित्रपट संपल्यावर मुलांनीं पहिला प्रश्न विचारला तो हा, कीं, “ही गोष्ट खरी आहे काय ?” प्रश्न साहजिक होता, कारण चित्रपटाच्या जाहिरातींत ती सत्यकथा म्हणूनच पुढें मांडण्यांत आली होती. या प्रश्नास ‘होय’ असें उत्तर देणें फार सोपें होतें. मुलांचे डोळे आनंदानें चमकत होते, आणि तो आनंद मावळूं नये असेंच कोणाहि वडीलधाऱ्यास वाटेल. परंतु ज्या शाळेंत आपण सत्याचे धडे देतों, तेथें आवडत्या गोष्टीपुरती सत्यास सुटी देतां येत नाहीं.

फ्रँक हॉपकिन्स हा मनुष्य खरोखर होऊन गेला. तो १९५१ सालीं वारला. आपण चारशेंहून अधिक दूरपल्ल्याच्या शर्यती जिंकल्या, बफेलो बिलाच्या मंडळींत आपण नांवाजलेले स्वार होतों, आणि अरबस्थानची ती महाशर्यतहि आपणच मारली, असें तो सांगत असे. परंतु चित्रपटाच्या सुमारास इतिहासाच्या अभ्यासकांनीं शोध केला तेव्हां या शर्यतीचा कोठेंहि मागमूस लागला नाहीं, आणि बफेलो बिलाच्या दप्तरांतहि हॉपकिन्सचें नांव आढळलें नाहीं. जें कांहीं आहे तें त्याच्या एकट्याच्या तोंडचें आहे.

येथें मुलांनीं स्वतःहि थोडा विचार करून पाहावा. ३००० मैल म्हणजे सुमारें ४८०० किलोमीटर. आपल्या देशाची उत्तर-दक्षिण लांबी भूगोलाच्या पुस्तकांत ३२१४ किलोमीटर दिली आहे; म्हणजे काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतच्या अंतराची दीडपट दौड एकाच घोड्यानें वाळवंटांतून करावयाची ! शिवाय ही शर्यत एडनजवळून निघे, असें हॉपकिन्सचें म्हणणें. आतां १८९० सालीं एडन बंदराचा कारभार कोठून चालत असे ? तो आपल्या मुंबई इलाख्याच्या सरकाराकडून चालत असे. अरबी घोडे जहाजांत भरून मुंबईस येत आणि येथील तबेल्यांत विकले जात. घोड्यांच्या व्यापारांत ज्यांचें आयुष्य गेलें असे अरब सौदागर मुंबईंत राहत होते. अशी जगांतील सर्वांत मोठी शर्यत दरसाल एडनजवळून निघत असती, तर ती बातमी मुंबईस कळल्यावांचून राहिली असती काय ? आणि जे अरब लोक आपल्या घोडीच्या सात पिढ्यांचीं नांवें तोंडपाठ म्हणत आणि घोड्यांवर काव्यें रचीत, त्यांनीं अशा शर्यतीवर एक ओळहि रचिली नसती, हें कसें घडावें ?

कोणी म्हणेल, “गोष्ट खोटी असली तर काय झालें ? बोध तर चांगला आहे ना !” या आक्षेपाचा आम्हीं पुष्कळ विचार केला. कल्पित कथेशीं आमचें भांडण नाहीं. सिंहाचें कातडें पांघरलेल्या गाढवाची गोष्ट खरी आहे असें सांगून इसापाला कोणी फसवणुकीचा दोष देत नाहीं. कारण ती गोष्ट म्हणूनच सांगितलेली असते. गोष्ट गोष्ट म्हणून सांगणें ही कला होय. पण गोष्टीवर सत्याचा शिक्का मारणें हें खोटें नाणें पाडण्यासारखें आहे. खोट्या नाण्यानें एकाची फसगत होते एवढेंच नव्हे, तर खऱ्या नाण्याचाहि भरंवसा उडतो. वूंडेड नीची कत्तल ही कल्पित नाहीं. २९ डिसेंबर १८९० रोजीं अमेरिकन घोडदळानें तेथें दीडशेंहून अधिक लाकोटा स्त्रीपुरुषांस आणि मुलांस ठार मारलें. हें ढळढळीत सत्य एका बनावट शर्यतीच्या शेजारीं आणून बसविलें, म्हणजे एखादा सावध मुलगा पुढें असाहि प्रश्न विचारील, कीं, “मग ती कत्तलहि बनावटच असेल काय ?” मेलेल्यांवर हा दुसरा अन्याय होय.

आणि खरें पाहतां, अद्‌भुत गोष्टींसाठीं खोटें बोलण्याची मुळीं गरजच नव्हती. त्याच काळांतल्या खऱ्या शर्यती आहेत. १८९२ सालच्या ऑक्टोबरांत जर्मनीच्या आणि ऑस्ट्रिया-हंगेरीच्या लष्करी अधिकाऱ्यांनीं बर्लिन आणि व्हिएन्ना या दोन राजधान्यांमध्यें घोडदौड केली. जर्मन स्वार व्हिएन्नाकडे निघाले, आणि ऑस्ट्रियाचे बर्लिनकडे. अंतर साडेतीनशें मैलांहून अधिक. ऑस्ट्रियाचा काउंट स्टारहेम्बर्ग याची दौड सर्वांत वेगवान ठरली. त्यानें हें अंतर तीन अहोरात्रांच्या आंत काटलें. दोन्ही राष्ट्रांत जयजयकार झाला. पण त्या दौडींत कित्येक घोडे प्राणास मुकले, आणि खुद्द विजेत्याचा घोडाहि वांचला नाहीं. बक्षीस स्वारानें घेतलें. किंमत घोड्यानें मोजली.

पुढच्याच वर्षीं, १८९३ च्या जूनमध्यें, अमेरिकेंत नेब्रास्का प्रांतांतील चॅड्रन या गांवाहून शिकागो शहरापर्यंत सुमारें १००० मैलांची शर्यत झाली. शिकागोस तेव्हां जागतिक प्रदर्शन भरलें होतें. याच वर्षीं सप्टेंबरांत त्याच शहरीं सर्वधर्मपरिषदेंत स्वामी विवेकानंदांचें भाषण झालें, हें आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. या शर्यतीचा शेवट बफेलो बिलाच्या खेळाच्या मैदानांत व्हावयाचा होता. नऊ स्वार निघाले. प्रत्येकास दोन घोडे नेण्याची मुभा होती. परंतु या वेळीं एक नवी गोष्ट घडली. भूतदया मंडळींनीं शर्यतीविरुद्ध मोठा गिल्ला केला, आणि अखेर वाटेंत ठिकठिकाणीं घोड्यांची तपासणी व्हावी असें ठरलें. चौदा दिवसांच्या आंत जॉन बेरी नांवाचा स्वार प्रथम पोंचला. त्याच्या जिंकण्याविषयीं पुढें वाद झाला तो झालाच. आम्हांस मात्र त्या वादापेक्षां तपासनिसाचें महत्त्व अधिक वाटतें. स्वाराच्या आणि त्याच्या हव्यासाच्या मध्यें, मुक्या जनावराच्या वतीनें बोलणारा एक तिऱ्हाईत प्रथमच उभा राहिला होता.

आजच्या दूरपल्ल्याच्या शर्यती याच विचारावर उभ्या आहेत. त्यांत नांवाजलेली ‘टेव्हिस कप’ ही शर्यत १९५५ सालीं वेंडेल रोबी यांनीं कॅलिफोर्नियांत सुरू केली. सिएरा नेव्हाडा पर्वतांतील बिकट वाटेनें १०० मैल, आणि मुदत २४ तासांची. मार्गांत जागोजाग जनावरांचे डॉक्टर बसलेले असतात. निरोगी घोडा स्वस्थ उभा असतां त्याच्या नाडीचे ठोके मिनिटास सुमारें ३० ते ४० पडतात. दौडींत ते कितीतरी वाढतात. अशा शर्यतींत नाक्यावर पोंचल्यावर ठराविक वेळांत ते खालीं आले पाहिजेत. आंतरराष्ट्रीय नियमांत ही मर्यादा ६४ ठोक्यांची आहे. डॉक्टर हिरड्या दाबून रक्त किती लवकर परत येतें तें पाहतो, कातडी चिमटींत धरून अंगांतील पाणी आटलें काय तें अजमावतो, पोटाला कान लावून आंतड्यांचा आवाज ऐकतो, आणि घोड्यास दुडक्या चालीनें पळवून तो लंगडतो कीं काय तें बघतो. यांत उणें आढळलें तर स्वार कितीहि पुढें असो, त्याची शर्यत तेथेंच संपते. इतकेंच नव्हे, तर शेवटची रेषा ओलांडल्यावरहि तपासणी होते, आणि घोडा पुढें चालण्यास लायक ठरला तरच दौड पुरी झाली असें मानतात. या शर्यतींत आणखी एक चषक आहे. त्याचें नांव ‘हॅगिन कप’. तो १९६४ पासून, पहिल्या दहांत आलेल्या घोड्यांपैकीं ज्याची प्रकृति सर्वांत उत्तम राहिली असेल त्यास देतात. पुष्कळ जाणते स्वार पहिल्या क्रमांकाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, मान या चषकास देतात.

नियम झाले म्हणजे सर्व झालें, असें मात्र नाहीं. ज्या अरब भूमीवर ‘अग्निसागरा’ची कल्पित शर्यत रचिली गेली, त्याच भूमीवर आज खऱ्या घोडदौडी होतात, पण वेगाच्या आणि वैभवाच्या नादांत घोड्यांचे हाल होतात अशा तक्रारी वाढल्यामुळें २०१५ सालीं आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा संघास संयुक्त अरब अमिरातीच्या संघटनेस कांहीं महिने निलंबित करावें लागलें. कायदा तपासणी-नाक्यावर उभा राहूं शकतो. दोन नाक्यांमधील एकांत वाटेवर मात्र स्वाराचें अंतःकरण हेंच घोड्याचें रक्षण.

आम्हांस येथें आमच्या लहानपणचे टांगेवाले आठवतात. आमच्या गांवीं स्टेशनाहून येतांना एक चढ लागत असे. चढ आला कीं एक वृद्ध टांगेवाला न बोलतां खालीं उतरे आणि घोड्याच्या गळ्याशीं हात ठेवून त्याच्याबरोबर चालूं लागे. उतारूंनीं घाई केली तर तो म्हणे, “साहेब, ह्याचा दम गेला तर तुम्ही दुसरा टांगा कराल, मी काय करूं?” त्यास नाडीचे ठोके मोजतां येत नव्हते, पण त्याच्या तळहातास ते कळत होते. दुसरे कांहीं टांगेवाले त्याच चढावर चाबूक ओढीत आणि त्याच्या पुढें निघून जात. परंतु त्यांचे घोडे वरचेवर बदललेले दिसत. याचा घोडा मात्र वर्षानुवर्षें तोच होता.

महाराष्ट्रास हा विषय परका नाहीं. भीमेच्या कांठचीं भीमथडी तट्टें दिसावयास लहान, पण काटक, थोड्या दाणावैऱ्यावर निभावणारीं आणि डोंगरवाटा तुडविणारीं म्हणून प्रसिद्ध होतीं. मराठ्यांच्या वेगवान घोडदळाची भिस्त त्यांच्यावर होती. राजा बढे यांच्या ज्या गीतास २०२३ सालीं राज्यगीताचा मान मिळाला, त्यांतहि या तट्टांचें नांव आलें आहे. आपण तें गीत उभें राहून गातों. त्या वेळीं स्वारांबरोबर त्या मुक्या सेवकांचेंहि क्षणभर स्मरण करावें. हिडाल्गोसारखा बुटका आणि चिवट घोडा पाहण्यास आम्हांस अमेरिकेंत जाण्याचें कारण नाहीं. तो आमच्या इतिहासांतच आहे.

पवित्र शास्त्रांत बलामाच्या गाढवीची कथा आहे. वाटेंत तलवार उपसून उभा राहिलेला देवदूत त्या गाढवीस दिसला. वर बसलेल्या ज्ञानी पुरुषास दिसला नाहीं. ती तीनदां थबकली आणि तीनदां तिनें मार खाल्ला. वस्तुतः ती आपल्या धन्याचे प्राण वांचवीत होती. ही कथा वाचतांना आम्हांस नेहमीं वाटतें, कीं, जो वाहतो त्यास वाटेंतील संकट आधीं दिसतें. जो हाकतो त्यास फक्त मुक्काम दिसतो. थांबणें हा प्रत्येक वेळीं हट्टच असतो असें नाहीं.

आणि येथेंच आमचें बोलणें घोड्यांवरून मनुष्यांवर येतें. परीक्षेचे दिवस आले म्हणजे घरोघरीं एक दौड सुरू होते. तींत धांवतो एक, आणि लगाम असतो दुसऱ्याच्या हातीं. निकालाच्या दिवशीं प्रत्येक घरीं एकच प्रश्न विचारला जातो : “कितवा आलास ?” हा प्रश्न वाईट नाहीं, शर्यत म्हटली कीं क्रमांक आलाच, आणि आळसाची भलामण करण्याचा आमचा हेतु नाहीं. दौड ही केलीच पाहिजे, आणि शंभर मैलांची वाट दमाशिवाय सरत नाहीं. परंतु त्या कॅलिफोर्नियांतील डॉक्टर शेवटच्या रेषेवर जो प्रश्न विचारतो, तो आमच्या घरांत फार क्वचित् ऐकूं येतो : “हा उद्यां पुढें चालूं शकेल ना ?” पहिला येऊन ज्याची विद्येवरील वासनाच उडाली, तो त्या व्हिएन्नाच्या शर्यतींतील घोड्यासारखा होय. उलट, विसावा येऊन ज्याच्या डोळ्यांत उद्यांच्या पाठाचें कुतूहल शिल्लक आहे, त्यानें हॅगिनचा चषक मिळविला असें आम्हीं समजूं.

विद्यार्थिमित्रांसहि एक सांगावयाचें आहे. तुम्ही आज कोणाच्या तरी लगामाखालीं असाल. उद्यां लगाम तुमच्या हातीं येईल. कोणी कारखान्यांत मजुरांवर देखरेख करील, कोणी शेतांत बैल जुंपील, कोणी स्वतःच्या मुलांचा बाप किंवा आई होईल. त्या वेळीं ‘हिडाल्गो’ चित्रपटांतील एवढेंच खरें मानून जवळ ठेवा, कीं, स्वारानें खोगीर उतरवून ठेवलें तेव्हां घोडा जिंकला. बाकीचा भाग फ्रँक हॉपकिन्सच्या कल्पनेस साभार परत करावा. तो पाहण्यांत दोन घटकांची करमणूक आहे, आणि ती करमणूक म्हणून अवश्य घ्यावी.

आपल्या हातून जीं कामें होतात तीं कोणाच्या पाठीवर बसून होत आहेत, याचा ज्यास विसर पडत नाहीं, त्याची दौड मंद असली तरी ती शेवटास जाते. प्रभु आपणां सर्वांस अशी दौड आणि तितका दम देवो.